सावलीत अबोली लावायची आहे? विदर्भातल्या घरच्या बागेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारात कडुनिंब, मागं गोठा, बाजूला शेजाऱ्याची उंच भिंत, आणि मधात जी जागा उरते तिथं ऊन येतच नाही, मग तिथं फुलझाड कोणतं लावावं हे विचारणारे आपल्याकडं लय जण आहेत. माझं उत्तर अबोली. सावलीचं लोकांना उगाच टेन्शन असते, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते तेव्हा हीच सावली झाड वाचवते. अबोली मरते ती बहुतेक वेळा बुडाशी साचलेल्या पाण्यानं, नाहीतर चुनखडीच्या मातीनं कुढत कुढत. म्हणून खाली माती आणि पाण्यावर जास्त लिहिलं आहे, ते भाग सोडू नका.

सावलीत अबोली खरंच फुलते का, की फक्त पानं वाढतात?

फुलते. हे झाड मुळात दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलं, अर्ध्या सावलीत सुखानं राहणारं. दोन-तीन फूट उंच होते, पानं गर्द हिरवी, चकचकीत, आणि फांदीच्या शेंड्याला व पानाच्या बगलेतून चौकोनी हिरवे तुरे निघतात, त्या तुऱ्यातून खालून वर असे दोन-दोन चार-चार फुलं उमलत जातात. मात्र सावली म्हणजे अंधार नाही. दिवसभरात सकाळचं तीन-चार तास कोवळं ऊन, नाहीतर पानातून गाळून आलेला उजेड दिवसभर, एवढं पाहिजेच. त्याहून कमी उजेड असला की झाड लांब लांब काड्या काढते, पानं मोठी होतात आणि तुरे येत नाहीत.

माझ्याकडची सावली चालेल का हे कसं ओळखू?

दुपारी बारा-एकच्या सुमारास त्या जागी हात धरून पाहा. जमिनीवर हाताची पुसट का होईना सावली उमटली तर उजेड पुरेसा आहे, काहीच उमटलं नाही तर जागा जास्त अंधारी आहे. हे हिवाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा करा, कारण दोन्ही वेळचं ऊन सारखं नसते.

घराच्या उत्तरेच्या बाजूला जागा आहे, तिथं तर वर्षभर सावली असते ना?

नसते, इथं लय लोक फसतात. विदर्भ साधारण २० ते २१ अक्षांशावर आहे, म्हणून हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जाते आणि घराच्या उत्तरेला दिवसभर गार सावली राहते, पण एप्रिलपासून सूर्य उत्तरेकडं सरकत उगवते-मावळते, आणि मे च्या शेवटापासून जुलैच्या मधापर्यंत भर दुपारी सुद्धा तो डोक्याच्या जरासा उत्तरेला असते. म्हणजे ऐन नवतप्यात, मे च्या शेवटी येणाऱ्या कडक तपनीच्या नऊ दिवसांत, जेव्हा सावली सगळ्यात जास्त पाहिजे, तेव्हाच उत्तरेच्या भिंतीवर ऊन येते, आणि वायव्येच्या कोपऱ्यात तर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट झाडाच्या पोटात शिरते. उत्तरेला लावायची असेल तर ईशान्येकडचा कोपरा धरा, सकाळचं ऊन मिळते आणि संध्याकाळचं चुकते. पूर्वेची बाजू सगळ्यात चांगली. पश्चिमेला लावू नका, एप्रिलनंतर ती भिंतच इतकी तापते की रात्री सुद्धा हात लावला तर गरम लागते आणि बाजूच्या झाडाची पानं कडेनं करपतात.

कोणत्या झाडाखाली लावू?

कडुनिंबाखाली लावा, एक नंबर. फेब्रुवारी-मार्चात निंब पान गाळते, तेव्हा अबोलीला ऊन भेटते, आणि ते ऊन अजून सोसण्यासारखं असते, पाडव्याला कोवळी पालवी येते आणि खरी तपन सुरू होईपर्यंत वर पुन्हा छत्री तयार. शिवाय पानं बारीक असल्यानं उजेड गाळून येते. बुंध्याला चिकटून मात्र नको, चार-पाच फूट सोडून लावा, नाहीतर मुळं सगळं पाणी ओढून घेतात.

आंब्याची सावली दाट, त्याच्या घेराच्या आतमध्ये तुरे येत नाहीत, पण घेराच्या कडेला पूर्वेच्या बाजूनं लावलं तर छान येते. चिंचेचं पण तसंच. सागवानाच्या भरवशावर बिलकुल राहू नका, यवतमाळ-चंद्रपूरकडं घरोघरी आवारात साग आहे आणि पानं मोठी पाहून वाटते की सावली मस्त असणार, पण साग उन्हाळ्यात उघडा पडते आणि पाणी पडल्याशिवाय त्याला धड पान फुटत नाही, म्हणजे मे महिन्यात अबोली उघड्यावर. तिथं लावायचीच असेल तर एप्रिलपासून ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधायची तयारी ठेवा.

काटोल, वरुड, मोर्शीकडचे लोक विचारतात की संत्र्याच्या बुडाशी मोकळी जागा असते, तिथं लावू का. नका लावू. अबोलीला वारंवार पाणी लागते आणि संत्र्याच्या बुंध्याशी ओल राहिली की डिंक्या, म्हणजे बुंध्यातून डिंक गळायचा रोग, येते, म्हणून तर संत्र्याला दुहेरी आळं करून बुंधा कोरडा ठेवतात. फुलांसाठी संत्र्याचं झाड धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

आमच्याकडं पूर्ण काळी माती आहे, खड्डा करून तसंच लावलं तर चालते का?

जगेल, पण पावसाळा काढणार नाही याची भीती जास्त. काळी कपाशीची माती पाणी धरून ठेवते, जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की खड्ड्यात पाणी आठ-आठ दिवस मुरत नाही, अबोलीची मुळं बारीक आणि वरच्यावर असतात, ती सडतात. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि मुळं तुटतात. काळ्या मातीत खड्डा खोल करून त्यात चांगली माती भरणं म्हणजे आणखी वाईट, आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन थांबते. खड्ड्याच्या ऐवजी वर या. जमिनीपासून वीतभर, जमलं तर फूटभर उंच वाफा करा, कडेनं विटा नाहीतर दगड लावा, आणि त्यात एक घमेलं काळी माती, एक घमेलं रेती नाहीतर बारीक मुरूम, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत असं मिसळून भरा. शेणखत कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर भुसभुशीत, वास नसलेलं, शेणाचा गोळा ओळखू न येणारं. ताजं शेण टाकलं तर ते तिथं तापते, मुळं भाजतात आणि मुळं खाणारी हुमणी अळी पण येते.

मुरूम टाकताना एक पाहून घ्या. त्यात पांढरे खडे दिसत असतील तर एका खड्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले तर तो चुनखडी आहे, तो मुरूम या झाडाला नको.

भंडारा-गोंदियाकडची माती हलकी, तांबूस-पिवळी, तिथं हा त्रास बराच कमी आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात मात्र माती बदलून भागत नाही, बोअरचं पाणीच खारं आहे. तिथल्या लोकांनी पावसाचं पाणी टाक्यात साठवून ते अबोलीला द्यावं, आणि झाडं मोजकीच ठेवावी.

पानं काहून पिवळी पडून राहिली? खत तर देऊन राहिलो.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून नीट सांगते. एक पान तोडा आणि उजेडात धरा. शेंड्याचं नवीन पान पिवळं, पण त्यातल्या शिरा हिरव्यागार, जाळीसारख्या स्पष्ट दिसतात? मग ती लोहाची कमतरता आहे. मातीत लोह असते, पण चुनखडी जास्त असली, सामू, म्हणजे मातीचा pH, ८ च्या आसपास गेला की मुळांना ते उचलता येत नाही. अबोलीला सामू ६ ते ७.५ पर्यंत मानवते, आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी त्याच्या वर आहेत. अशा वेळी शेणखत, युरिया काहीही ओतलं तरी पान हिरवं होत नाही. कृषी केंद्रातून फेरस सल्फेट आणा, म्हणजे हिराकस, एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्व, आणि संध्याकाळी पानावर फवारा, पंधरा दिवसांनी परत. पाणी ताजंच बनवा, ठेवून दिलं की तांबडं होते आणि मग त्याचा उपयोग नाही. फरशीवर पडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात ते निघत नाहीत. मातीत हिराकस टाकून फायदा कमी होते, चुनखडी त्याला पण धरून ठेवते.

खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील, पूर्ण पिवळी, शिरांसकट, तर भूक आहे, नत्र कमी पडलं. शेणखत किंवा गांडूळखत दोन ओंजळी बुडाशी द्या. आणि सगळंच झाड फिक्कं, मऊ, बुडाशी माती चिखलासारखी असेल तर पाणी बंद करा, दुसरं काहीच करू नका.

एकदा तरी माती परीक्षण करून घ्या असं मी सगळ्यांना म्हणते. वावराची करता तशीच आवारातली पण करा, जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी केली तर सोय सांगतात. सामूचा आकडा हातात आला की अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

रोप कधी लावू आणि कोणती जात घेऊ?

मिरगाचा पाऊस होऊन जमीन चांगली थंड झाली की, म्हणजे जूनच्या शेवटी-जुलैत. पहिल्या पावसाच्या घाईत लावू नका, मधात उघाड पडली की ऊन परत तापते. दोन रोपात दीड-दोन फूट अंतर.

नर्सरीत दोन प्रकार सहसा भेटतात. एक साधी, फिक्कट केशरी, तिला बी धरते. दुसरी दिल्ली अबोली, तिचं फूल मोठं आणि रंग गडद, पण तिला बी येत नाही, फांदीपासूनच वाढवावी लागते. पिवळी पण असते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं अर्का नावाच्या मालिकेत अबोलीच्या जाती काढल्या आहेत, अर्का अंबारा, अर्का कनका वगैरे, कुठं भेटल्या तर अवश्य लावून पाहा. रोप घेताना पिशवी उचलून खाली पाहा, मुळं बाहेर येऊन गुंडाळलेली असतील तर ते रोप ठेवून द्या.

बी कसं धरायचं? शेंगा तर रिकाम्याच सापडतात.

कारण त्या फुटून गेलेल्या असतात. फुलं झडल्यावर तुरा वाळून तपकिरी होते, त्यात बारीक शेंगा असतात, वाळलेल्या शेंगेला पाणी लागलं की तटकन फुटते आणि बी चार-पाच हात दूर उडते. पावसानंतर शांत बसलं तर आवाज सुद्धा येते. लहान पोरांना दाखवा, वाळलेला तुरा वाटीतल्या पाण्यात टाका आणि थोडं थांबा, भल्ली मजा वाटते त्यांना. एका शेंगेत चार बिया, चपट्या, वरून खवल्यासारखं आवरण. म्हणून तुरा तपकिरी व्हायला लागला की पाऊस यायच्या आधी कापून कागदाच्या पिशवीत घालून तोंड बांधून ठेवा. बी ताजं असतानाच पेरा, वरून माती नावापुरती, उगवायला दोन-चार आठवडे लागतात, लवकर उकरून पाहू नका. नाहीतर काहीच न करता आईझाडाच्या आजूबाजूला पावसाळ्यात जी रोपं आपोआप निघतात तीच उचलून लावा, सोपं काम.

फांदीपासून होते का?

होते, आणि पावसाळ्यात चांगली होते. पेन्सिलपेक्षा बारीक, ना कोवळी ना जून अशी फांदी, चार-पाच इंच, दोन-तीन पेरं असलेली. खालची पानं काढा, तुरा असेल तर तो पण काढा, नाहीतर सगळी ताकद फुलात जाते. ओल्या रेतीत खोचा, सावलीत ठेवा, महिनाभरात मुळं धरते.

उन्हाळ्यात पाणी किती?

एप्रिल-मे मध्ये एका दिवसाआड, नवतप्यात रोज, सकाळी लवकर नाहीतर सूर्य बुडाल्यावर. पाणी देण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर आजचं पाणी उद्यावर ढकला. दुपारी पानं मलूल झाली म्हणून भर उन्हात पाणी ओतणारे लोक आहेत, ते करू नका, उन्हानं झाड दुपारी मान टाकतेच आणि संध्याकाळी आपोआप उठते, संध्याकाळी पण उठलं नाही तरच काळजी करा.

बुडाशी आच्छादन पाहिजेच. सोयाबीनचं कुटार घरात असतेच, ते दोन-तीन इंच थर देऊन टाका, निंबाचा पालापाचोळा पण चालते. फक्त खोडाला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर उधई खोडावर चढते. पाण्याची टंचाई असलेल्या गावात भांडी धुतल्याचं पाणी टाकतात, त्यात साबण-सोडा असते आणि सोड्यानं सामू आणखी वाढते, त्यापेक्षा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी द्या.

पाणी आहे, माती ओली आहे, तरी झाड वाळून राहिलं. काय झालं?

झाड उपटा आणि मुळं धुऊन पाहा, वाचवायच्या नादात राहू नका. मुळं काळी, सडकी, साल सुटून येणारी असतील तर मूळकुज. मुळांवर बारीक गाठी किंवा तपकिरी चट्टे असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आणि अबोलीला सूत्रकृमी लय लागतात, त्यांनी केलेल्या जखमेतून मर रोगाची बुरशी आत शिरते, म्हणून दोन्ही सोबतच दिसतात. त्या जागी लगेच दुसरी अबोली लावू नका. वांगी, टमाटर, भेंडी जिथं घेत होते तिथं पण सूत्रकृमी असण्याची शक्यता जास्त. त्या जागेत एक हंगाम झेंडू लावा, झेंडूच्या मुळांनी सूत्रकृमी कमी होतात, मग निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं शेणखत घालून नवीन रोप लावा. पुढं दर पावसाळ्यात झाडामागं ओंजळभर निंबोळी पेंड देत राहा.

मावा, पांढरी माशी दिसून राहिली. कपाशीचं औषध उरलं आहे, तेच मारू का?

नको. कळकळीनं सांगते, बिलकुल नको. ही फुलं बाया-पोरी केसात माळतात, देवाला वाहतात, लहान लेकरं तोंडात घालतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर गेले, हे आपण कोणी विसरलो नाही. घराच्या दारात ते विष आणायचं कशाला? पाच टक्के निंबोळी अर्क घरीच होते, शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या, म्हणजे दहा लिटरला अर्धा किलो, ठेचून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी गाळून फवारायचं. नाहीतर निंबतेल लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी टाकून. पिठ्या ढेकूण असेल तर आधी जुन्या ब्रशनं खरवडून काढा, मग फवारा.

आणि पंप वेगळा ठेवा. तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी नळीत, नोझलमध्ये थोडं राहतेच, आणि तेवढ्यानं अबोलीची नवीन पानं दोरीसारखी वळून बारीक निघतात. लोक त्याला रोग समजून आणखी औषधं मारत बसतात. घरच्या फुलझाडांसाठी एक लिटरचा हातपंप घेऊन टाका.

कुंडीत होते का?

होते, बारा इंची कुंडी घ्या, खाली छिद्र मोठं पाहिजे. सिमेंटची कुंडी उन्हात तापते, मातीची बरी.

हिवाळ्यात फुलं कमी काहून होतात?

थंडीनं. गोंदिया, नागपूरकडं रात्रीचा पारा १० च्या खाली जाते तेव्हा अबोली थांबते, पानं थोडी तांबूस पण होतात. खत देऊ नका, पाणी कमी करा. थंडी सरली की आपोआप सुरू होते.

छाटणी करायची का?

करायची, पण दोन वेगवेगळ्या. ज्या तुऱ्यातली फुलं संपली तो तुरा वर्षभर काढत राहा, बी नको असेल तर, त्यानं खालच्या बगलेतून नवीन तुरे फुटतात. आणि मिरगात झाड फूट-सव्वाफुटावर कापा. उन्हाळ्यात कापू नका, तेव्हा जी काही पानं आहेत तीच खोडाला सावली देतात. तीन वर्षं झाली की झाड काडीकाडी होते, फुलं विरळ होतात, तोवर फांदीपासून दुसरं तयार ठेवा.

महालक्ष्मीला फुलं पाहिजेत, काय करू?

मिरगातली छाटणी चुकवू नका, दोन-अडीच महिन्यात तुरे येतात, भादव्यात बरोबर जमते. जोराच्या पावसानं उमललेली फुलं गळतात, म्हणून सणाच्या आठवड्यात वरून एखादी ताडपत्री उंच बांधून ठेवा, बाजू मोकळ्या. फुलं सकाळी तोडा. तुरा तोडायचा नाही, फुलाची बारीक नळी दोन बोटात धरून वर ओढली की फूल अलगद सुटते, वरच्या कळ्या पुढच्या दिवसांसाठी राहतात. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली तर दुसऱ्या दिवशी पण गजरा ताजा दिसते. वास नाही तिला, म्हणून सोबत मोगरा किंवा मरवा गुंफा.

बकऱ्या आणि कोंबड्यांचं काय?

कोंबड्या आच्छादन उकरतात, रोपं लहान असेपर्यंत तुराट्यांचा ताटवा लावा. बकऱ्यांसाठी बाहेरून पिवळी काटेकोरांटी लावा, तिला पण अर्धी सावली चालते, काटे असतात, आणि दिवाळीच्या पुढं मागं पिवळी फुलं येतात.

आमची जागा खरंच अंधारी आहे, हाताची सावलीच पडत नाही. मग काय लावू?

तिथं अबोली लावून झाडाचे हाल करू नका. थोडाफार उजेड असेल तर तगर लावा, काळ्या मातीत टिकते, फुलं कमी येतील पण येतील, आणि पान तोडलं की दूध निघते म्हणून ढोरं सहसा तोंड लावत नाहीत. अनंत लावायचा मोह होते, पण चुनखडीच्या मातीत तो अबोलीपेक्षा लवकर पिवळा पडते, कुंडीत वेगळी माती करूनच लावा. मोगरा, जास्वंद, गुलाब यांना ऊनच पाहिजे. आणि वरच्या झाडाच्या दोन-चार खालच्या फांद्या हिवाळ्यात काढता येतात का तेवढं आधी पाहा, बऱ्याचदा तेवढ्यानंच जागा अबोलीजोगी होऊन जाते.